झोपलेल्या किंडलवरची जागा

किंडलच्या पडद्यावर एकदा चित्र उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. ई-इंकचे काळे-पांढरे कण जागच्या जागी राहतात, वीज खर्च होते ती पान बदलताना. म्हणून किंडल झोपलं तरी पडद्यावर काहीतरी दिसत राहतं. सुरुवातीच्या किंडलवर तिथे जेन ऑस्टिन, मार्क ट्वेन अशा लेखकांची चित्रं असायची. 2011मध्ये अमेरिकेत ही जागा विकायला निघाली.

त्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं, की 139 डॉलरचं किंडल 114ला मिळेल, पण झोपलेल्या पडद्यावर आणि होम स्क्रीनच्या तळाशी जाहिराती दिसतील. पहिल्या जाहिरातदारांत ब्यूइक मोटारी होत्या आणि ओलेची क्रीमं. पुस्तकाच्या पानांना मात्र हात लावला नव्हता.

तसं बघितलं तर पुस्तक आणि जाहिरात यांची सोयरीक जुनीच. डिकन्सच्या कादंबऱ्या महिन्याला एक भाग अशा निघायच्या, तेव्हा त्यांना जाहिरातींची पानं जोडलेली असत. 1970च्या दशकात अमेरिकन पेपरबॅकच्या मधोमध सिगारेटच्या जाहिरातीचं जाड पान शिवलेलं असायचं. पण ते टरकन फाडून टाकता यायचं, आणि तेही फुकट!

इथे फाडण्याचे पैसे होते. सप्टेंबर 2011मध्ये नवं किंडल आलं ते 79 डॉलरला, आणि जाहिरातीविना 109ला. टचचे भाव होते 99 आणि 139. यंत्र अगदी तेच, फरक असलाच तर सॉफ्टवेअरमधल्या एका नोंदीचा. आमच्या धंद्यात याला फ्लॅग म्हणतात. तो फ्लॅग आधी 25 डॉलरचा होता, मग 30चा, टचवर 40चा. 2012च्या फायर एचडी टॅबलेटवर तर जाहिराती काढायची सोयच ठेवली नव्हती. लोक भडकले, तेव्हा दोनेक दिवसांत 15 डॉलरचा पर्याय आला. पुढे किंडलवर हा आकडा 20वर स्थिरावला. म्हणजे खर्चाशी त्याचा संबंध नव्हता, गिऱ्हाईक किती सोसेल त्याचा तो भाव होता.

सौदा मला वाईट वाटत नाही. 30 डॉलर वाचले तर त्यात दोन-तीन पुस्तकं येतात, आणि पैसे एकदाच भरले की विषय संपतो. खटकतं ते नाव. जाहिरातवाल्या यंत्राला 'विथ स्पेशल ऑफर्स' म्हणायचं आणि कोऱ्याला 'विदाउट', जणू जादा पैसे देणाऱ्याचंच काहीतरी हुकलंय. शिवाय दुकानात मोठ्या अक्षरांत झळकायची ती 79चीच किंमत. चार वर्षांपूर्वी जे यंत्रासोबत आपोआप मिळायचं, ते आता वरचे पैसे देऊन घ्यायची चीज झालं होतं.

आणि 109 डॉलर मोजले तरी ऑस्टिन काही परत आली नाही. त्या किंडलवर पेन्सिली आणि छापखान्याचे खिळे दिसायचे.