हिशेबाची वही आणि कापसाचे गाव: मिसिसिपीतील इंडिअनोला

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मध्ये जो सपाट पट्टा पसरलेला आहे, त्याला तेथील लोक ‘डेल्टा’ म्हणतात. मात्र या शब्दाने समुद्राला मिळणाऱ्या नदीचा त्रिभुज प्रदेश अभिप्रेत नसून, हजारो वर्षांच्या पुरांनी थरावर थर टाकून घडवलेली काळी, खोल आणि कमालीची कसदार जमीन अभिप्रेत आहे. या पट्ट्यातील सनफ्लॉवर काउंटीचे (काउंटी म्हणजे महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा यांच्या मधला म्हणता येईल असा प्रशासकीय घटक) मुख्य ठिकाण इंडिअनोला हे आहे. १९३० च्या दशकात जेमतेम तीन हजार वस्तीचे असलेले हे गाव समाजशास्त्राच्या अभ्यासकांना टोपणनावांनी परिचित आहे, कारण १९३२ मध्ये येथे राहायला आलेल्या मानववंशशास्त्रज्ञ हॉर्टेन्स पावडरमेकर यांनी आपल्या ग्रंथात त्याला ‘कॉटनव्हिल’ म्हटले, तर १९३५ मध्ये आलेल्या जॉन डॉलार्ड यांनी ‘सदर्नटाउन’. या दोघांच्या नोंदी आणि त्या काळातील इतर कागदपत्रे एकत्र वाचली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते: या गावातील दारिद्र्य जमिनीने दिलेले नव्हते. देशातील उत्तम जमिनींपैकी एका जमिनीवर लोक कुपोषित राहत होते, आणि त्यांचे घर, ताट, पाटी व बोलण्याची रीत या सर्वांचा निकाल एका हिशेबाच्या वहीत लागत होता, जी एकच हात लिहीत असे.

या वहीचा उगम १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धानंतरच्या व्यवस्थेत आहे. गुलामगिरी संपली, परंतु जमीन पूर्वीच्या मालकांकडेच राहिली आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकडे श्रमाखेरीज काहीच नव्हते. त्यातून ‘शेअरक्रॉपिंग’ म्हणजे अर्धेलीने जमीन कसण्याची पद्धत रूढ झाली. मालकाने जमीन, खोपट, खेचर, अवजारे व बियाणे द्यायचे, कुटुंबाने वर्षभर राबायचे आणि कापूस निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, असे तिचे वरवर सरळ दिसणारे स्वरूप होते. वस्तुतः पेरणीपासून वेचणीपर्यंतचे महिने काढण्यासाठी कुळाला मालकाकडून उचल घ्यावी लागे, जिला तेथे ‘फर्निश’ म्हणत, आणि ती पुष्कळदा रोखीऐवजी मळ्यावरच्या दुकानातून, चढ्या भावाच्या मालात मिळे. तिच्यावरचे व्याज महिने मोजून नव्हे तर सरसकट लावले जाई, त्यामुळे चार-सहा महिन्यांच्या उधारीवरही वर्षभराच्या व्याजाइतका बोजा पडे. वर्षअखेरीस, नाताळच्या सुमारास, ‘सेटल’ म्हणजे हिशेबाची मिटवणी होत असे. त्या दिवशी कुटुंबप्रमुखाला आकडा सांगितला जाई, वही दाखवली जात नसे, आणि बहुतेक कुटुंबे त्या दिवशी रिकाम्या हाताने किंवा पुढच्या वर्षाचे कर्ज डोक्यावर घेऊन परतत.

मराठी वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटण्याचे कारण नाही. त्याच यादवी युद्धामुळे अमेरिकी कापसाची निर्यात थांबली, मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि युद्ध संपताच ते कोसळले. त्या पडझडीत सावकारी कर्जाखाली आलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांनी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात कर्जरोखे आणि हिशेबाची कागदपत्रे जाळली. फरक असा की दख्खनमधील उठावानंतर सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला, तर डेल्टामध्ये गोऱ्या मालकाच्या आकड्याला कृष्णवर्णीय कुळाने हरकत घेणे हाच अपराध मानला जाई आणि त्याची किंमत प्राणांनीही मोजावी लागत असे.

मळ्यावरचे घर म्हणजे रंग न दिलेल्या फळ्यांचे दोन-तीन खोल्यांचे खोपट. त्याचा एक प्रकार ‘शॉटगन’ म्हणून ओळखला जाई, कारण खोल्या एकामागे एक आणि दारे एका रेषेत असत, म्हणजे पुढच्या दारातून झाडलेली गोळी मागच्या दारातून निघून जाईल. फळ्यांच्या फटींतून येणारा वारा अडवण्यासाठी भिंतींना आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली असत, उजेड रॉकेलच्या दिव्याचा असे आणि पाणी हातपंपाचे किंवा टाकीत साठवलेले. खिडक्यांना जाळी नसल्याने पाणथळ प्रदेशातील हिवताप घरोघरी वस्तीला असे. गावात गोऱ्यांच्या घरांमध्ये विजेचे दिवे आणि नळ आले होते. गावाबाहेरच्या मळ्यांवर मात्र वीज जवळपास नव्हतीच. अनेक मळ्यांवर कापसाच्या ओळी खोपटाच्या पायरीपर्यंत येत, कारण भाजीचा वाफा किंवा गायीचे कुरण म्हणजे मालकाच्या दृष्टीने पिकाखालून गेलेली जमीन होती.

परसात भाजी नाही, दारात दुभते नाही, याचा परिणाम थेट ताटावर झाला. मळ्यावरच्या दुकानातून मिळणारा शिधा तीन पदार्थांचा: मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. पोट भरे, पण शरीर झिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत ‘पेलाग्रा’ हा रोग हजारोंच्या संख्येने दिसू लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर खरखरीत चट्टे, अतिसार, भ्रम आणि शेवटी मृत्यू असा त्याचा क्रम होता, आणि तो संसर्गजन्य आहे असे बहुतेक डॉक्टर मानत. केंद्रीय आरोग्यसेवेचे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना मात्र असे दिसले की अनाथालयातील मुलांना तो होतो, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही. त्यांनी मिसिसिपीतील अनाथालयांमध्ये दूध, अंडी, मांस आणि शेंगा दिल्या, तेव्हा रोग नाहीसा झाला; उलट १९१५ मध्ये त्याच राज्याच्या रँकिन तुरुंगशेतावर माफीच्या बोलीवर तयार झालेल्या निरोगी कैद्यांना मका आणि काकवीसारखा निकृष्ट आहार दिला, तेव्हा अकरांपैकी सहा जणांना रोग झाला. १९३७ मध्ये नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण निश्चित झाले. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत असल्याने त्यातील नायसिन मोकळे होते आणि ते या रोगापासून वाचतात. डेल्टात मका पोहोचला, ती रीत पोहोचली नाही. पुढे १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण-संशोधकांना दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्येही हाच रोग आढळला. गोल्डबर्गर यांचे खरे मोठेपण असे की रोगाचे मूळ उधारीच्या शेतीत आणि एकाच पिकात आहे, हे त्यांनी उघडपणे मांडले. दक्षिणेतील पुढाऱ्यांना ते अपमानास्पद वाटले, परंतु त्यांचे म्हणणे खरे होते.

गावात रेल्वेचे रूळ ही सीमा होती. एका बाजूला गोऱ्यांची घरे, न्यायालय आणि दुकाने. दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीयांची वस्ती, जिच्यातून रोज सकाळी स्वयंपाकिणी, धोबिणी आणि दाया रूळ ओलांडून कामाला जात आणि मागच्या दाराने आत शिरत. आठवड्याला मिळणाऱ्या दोन-चार डॉलरांत घर चालत नसल्याने उरलेले अन्न डब्यातून घरी नेणे हा पगाराचाच अलिखित भाग समजला जाई. कृष्णवर्णीयाने कोणत्याही गोऱ्या प्रौढाला मानाने संबोधायचे, पण गोऱ्याने कृष्णवर्णीयाला कधीही ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ म्हणायचे नाही, मग तो शिक्षक असो वा वृद्ध. तरुणपणी ‘पोरा’ आणि म्हातारपणी ‘काका’ किंवा ‘मावशी’ एवढीच संबोधने होती. मराठीत काका-मावशी ही आपुलकीची नाती आहेत, तेथे ती आडनाव नाकारण्याची युक्ती होती. डॉलार्ड यांनी या रचनेला ‘जात’ असे नाव दिले. समाजशास्त्रज्ञ ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये या नावाला सविस्तर आक्षेप घेतला, आणि वंश व जात यांचा इतिहास निराळा असल्याने तो गंभीरपणे घ्यावाच लागतो, तरी पंगत, दार आणि संबोधन यांची डॉलार्ड यांनी टिपलेली वर्णने महाराष्ट्रातील वाचकाला अंतर्मुख केल्याशिवाय राहत नाहीत.

हा कडेकोटपणा आपोआप आलेला नव्हता, याचा पुरावा याच गावात आहे. १८९० च्या दशकात इंडिअनोलाच्या पोस्टमास्तर मिनी कॉक्स या सुशिक्षित कृष्णवर्णीय स्त्री होत्या; ग्राहकांना टपालाची चौकशी करता यावी म्हणून त्यांनी स्वखर्चाने टेलिफोन बसवला होता. १९०२ मध्ये गोऱ्यांच्या सभांनी त्यांना हटवण्याची मागणी करून इतका धाक घातला की त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो न स्वीकारता जानेवारी १९०३ मध्ये गावचे पोस्टच बंद केले आणि टपाल दूरच्या ग्रीनव्हिलकडे वळवले. तरीही कॉक्स त्या पदावर परतल्या नाहीत. त्यांच्या पतीने १९०४ मध्ये गावात कृष्णवर्णीयांची एक बँक उभारली.

शाळांचे वेळापत्रकही कापसाने ठरवले. कृष्णवर्णीय मुलांची शाळा वर्षातून काही महिनेच भरे आणि वेचणीच्या हंगामात बंद असे, कारण लहान हातही बोंडे वेचू शकत. उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीतून १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या, ज्यांच्यासाठी गरीब पालकांनीही वर्गणी आणि श्रम दिले. ज्यांना वहीतले आकडे वाचू दिले जात नव्हते त्यांनी मुलांसाठी दिलेला हा पैसा या इतिहासातील सर्वांत उजळ नोंद मानावी लागेल. विरंगुळा शनिवारी असे, जेव्हा मळ्यांवरची माणसे गावात येत आणि रस्ते भरून जात. इंडिअनोलाच्या चौकात त्याच शनिवारी गिटार वाजवून पैसे मिळवणारा एक शेतमजूर पुढे बी. बी. किंग या नावाने जगाला माहीत झाला.

ऑक्टोबर १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि पुढील दोन दशकांत मालकाला कुळांची गरजच उरली नाही. हजारो कुटुंबे आगगाडीने शिकागोकडे गेली. जे राहिले त्यांनी मतदानाचा हक्क मागितला, आणि शाळांचे एकत्रीकरण रोखण्यासाठी निघालेल्या व हा हक्कही अडवणाऱ्या गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ची पहिली शाखा जुलै १९५४ मध्ये इंडिअनोलातच स्थापन झाली. याच काउंटीतील रूलव्हिलजवळच्या मळ्यावर अठरा वर्षे काम केलेल्या फॅनी लू हॅमर तेथे हजेरी आणि वजनाची नोंद ठेवत असत, म्हणजे ती वही आतून पाहिलेल्या त्या थोड्यांपैकी एक होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इतर सतरा जणांसह इंडिअनोलाच्या न्यायालयात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. नोंदणीसाठी घेतल्या जाणाऱ्या साक्षरता परीक्षेत त्यांना अनुत्तीर्ण ठरवण्यात आले आणि त्याच रात्री मळा सोडावा लागला. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या व त्यांचे नाव यादीत आले, परंतु त्या वर्षी त्या मत देऊ शकल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे दोन वर्षांचा मतदान-कर भरल्याच्या पावत्या नव्हत्या.