डिचोलीचा तळ आणि रामघाटाची वाट
इ. स. १६८३-८४ मधील दोन स्वाऱ्यांचा वृत्तांत

गोमंतकाच्या इतिहासात इ. स. १६८३ च्या दिवाळीपासून पुढील शिमग्यापर्यंतचे चार-पाच महिने विशेष मननीय आहेत. एवढ्या अल्प काळात या भूमीवर दोन मोठ्या स्वाऱ्या झाल्या. एक गोव्याच्या पोर्तुगीज विजरईची, दुसरी दिल्लीच्या बादशहाच्या पुत्राची. दोघांजवळ तोफा, द्रव्य आणि मनुष्यबळ यांची वाण नव्हती. तरीही दोघांना रिकाम्या हाती परतावे लागले. हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्या काळी फोंडा, डिचोली व पेडणे हे प्रांत मराठी राज्याच्या छायेत होते. फोंड्याचा किल्ला शिवछत्रपतींनी इ. स. १६७५ मध्ये जिंकला होता. त्यापूर्वीच, इ. स. १६६८ मध्ये, डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा त्यांनी जीर्णोद्धार करविला होता. दिवाडी बेटावरून परागंदा झालेल्या देवाला नदीच्या अलीकडे हक्काचे स्थान मिळाले, ही गोष्ट येथील जनतेच्या मनात खोल रुजलेली होती. या प्रांताचे रक्षण म्हणजे केवळ महसुलाचे रक्षण नव्हते.

पहिली स्वारी विजरई फ्रान्सिस्कु द ताव्होर, कोंद द आल्व्होर याची. संभाजी महाराज दूर गुंतले आहेत असे पाहून त्याने इ. स. १६८३ च्या ऑक्टोबरअखेर फोंड्यावर चाल केली. तीन-चार हजार शिपाई व तोफा घेऊन तो दुर्भाटच्या बंदरावर उतरला. तोफांनी तटाला खिंडार पडले. परंतु खिंडार पडणे म्हणजे किल्ला पडणे नव्हे. आत येसाजी कंक व त्यांचे पुत्र कृष्णाजी यांनी मूठभर शिबंदीनिशी प्रत्येक हल्ला मागे लोटला. तेवढ्यात संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन आले आणि ती कुमक शत्रूच्या डोळ्यांदेखत किल्ल्यात शिरली. विजरईचा धीर खचला व त्याने दुर्भाटकडे माघार घेतली. त्या लढाईत कृष्णाजी कंकांना झालेल्या जखमा प्राणघातक ठरल्या.

विजरईचा सारा बेत एका गृहीतावर उभा होता: किल्ला लवकर पडेल आणि मदत उशिरा येईल. ते खोटे ठरताच पुढे काय करावे याची योजनाच उरली नाही. त्याच नोव्हेंबरच्या २४ तारखेस मराठ्यांनी रात्रीच्या ओहोटीचा लाभ घेऊन जुवे बेट काबीज केले. ते परत घेण्यास गेलेला विजरई जखमी होऊन कसाबसा निसटला. पाठोपाठ बार्देश व साष्टीवर मराठी फौजा उतरल्या. गोवे शहर संकटात असता विजरईने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड तेथे अर्पण केला, यावरून त्याच्या निराशेची कल्पना येते.

या संकटातून पोर्तुगीजांना सोडविले ते दुसऱ्या स्वारीने. औरंगजेबाचा पुत्र शाहजादा मुअज्जम ऊर्फ शाह आलम प्रचंड सैन्यानिशी रामघाट उतरून कोकणात आला. त्याच्या घोडदळाची संख्या चाळीस हजारांपर्यंत सांगितली जाते. संभाजी महाराजांचे हे दक्षिणेकडील प्रांत उद्ध्वस्त करणे आणि त्यांच्या आश्रयास असलेल्या शाहजादा अकबरास धाक देणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. महाराजांनी समोरासमोर लढाई देण्याचे टाळले व ते उत्तरेस रायगडाकडे वळले. जानेवारी १६८४ मध्ये शाह आलमाने डिचोलीस तळ दिला, तेथील वाडे व बागा जमीनदोस्त केल्या. वरवर पाहता हा विजयच होता.

परंतु चाळीस हजार घोडी खातील काय? दर घोड्यास दिवसाला तीनच शेर दाणा धरला, तरी रोजचे तीन हजार मण होतात. एक बैल तीन मण वाहतो असे मानल्यास दररोज हजार बैल घाट उतरले पाहिजेत. माणसांचे अन्न, हत्ती-उंटांचा चारा आणि त्या बैलांचे स्वतःचे खाणे निराळेच. रामघाटाची वाट अरुंद व रानातून जाणारी. तेथे मराठ्यांच्या लहान टोळ्यांना रसद अडविणे सोपे होते. देशावरच्या घोड्यांना हरभऱ्याची सवय. कोकणात भात, नाचणी, कुळीथ आणि नारळ. तेरेखोल व शापोरा या नद्यांमधील पेडणे असो की डोंगर-नद्यांनी वेढलेली डिचोली असो, एवढ्या सैन्याला पोसण्याचे सामर्थ्य या चिमुकल्या महालांत नव्हते. जे थोडे होते ते तळानेच जाळले.

उरला समुद्रमार्ग. सुरतेहून धान्याची गलबते यावयाची होती. परंतु मांडवीचे मुख आग्वाद व रेइश मागुशच्या तोफांखाली होते. शाह आलमाने पोर्तुगीजांकडे आपल्या उपकाराची किंमत मागितली. त्याची नजर गोव्यावरच आहे असा विजरईस संशय आला, व त्याने गलबतांच्या मार्गात अडथळे आणले. ज्याच्या भरवशावर रसद होती त्यालाच शत्रू करून ठेवणे, यापरते अविचाराचे दुसरे काय असणार?

उपासमारीमागून रोगराई आली. विजरईचा वकील म्हणून छावणीत गेलेला व्हेनिसचा प्रवासी मनुची याने या दुर्दशेचे वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे एक-तृतीयांश सैन्य मरण पावले. घोडे, उंट, हत्ती यांचीही तीच गत झाली. बांदे, कुडाळ, वेंगुर्ले या भागांत जाळपोळ करीत फौज रामघाटाकडे वळली, आणि इ. स. १६८४ च्या मे महिन्यात तिचे अवशेष अहमदनगरास पोहोचले.

या यशाचा अभिमान बाळगताना त्याची किंमत विसरू नये. ज्यांची घरे जळाली, ज्यांचे बियाणे लुटले गेले, त्या डिचोलीच्या कुळांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. परचक्र परतले ते किल्ल्यातील शिबंदीच्या चिवटपणाने, राजाच्या तत्परतेने आणि या अनाम जनतेच्या सोशिकपणाने.

पुढील शतकाने या कथेला एक कटू पुरवणी जोडली. इ. स. १७८१ नंतरच्या काही वर्षांत डिचोली व सत्तरी पोर्तुगीजांच्या हाती पडली आणि इ. स. १७८८ मध्ये पेडणेही त्यांच्याकडे गेले. त्यासाठी चाळीस हजार घोडदळ लागले नाही. सावंतवाडी व कोल्हापूर यांच्या कलहात परक्याच्या मदतीचे मोल म्हणून हा मुलूख द्यावा लागला. जे शाहजाद्याच्या फौजेस साधले नाही, ते घरच्या दुहीने सहज साधले. रामघाटाची वाट शत्रूला अवघड होती. दुहीची वाट त्याला नेहमीच सोपी असते.