नाकेदाराची गस्त

आपल्या वनखात्याच्या इतिहासात साहेबांची नावे पुष्कळ सापडतात. १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हा हिंदुस्थानचा पहिला वन-महानिरीक्षक झाला, १८७८ साली मोठा वनकायदा आला, हे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु तो कायदा रानात ज्याच्या दोन पायांवर चालला, त्या अगदी खालच्या शिपायाचे नाव काही कुणी सांगत नाही. विदर्भात त्याला नाकेदार म्हणत. इतरत्र तो जंगलचा राखा. आज त्याचा हुद्दा वनरक्षक असा आहे.

हा नाकेदार जनावरे राखण्यासाठी नेमलेला नव्हताच, हे आधी ध्यानात घ्या. सरकारला हवे होते सागवान, आणि आगगाडीच्या रुळांखाली घालायला लाकूड. वाघ हे तर उपद्रवी जनावर. तो मारणाराला सरकारी बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. नाकेदाराने राखायचे ते लाकूड आणि गवत. राखायचे कुणापासून? तर शेजारच्या गावापासून!

साहजिकच गावाला तो डोळ्यांसमोर नको असे. पिढ्यान्‌पिढ्यांचे गायरान जंगलखात्याने गिळले, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली आहे. रानात शिरलेली गुरे कोंडवाड्यात जात आणि दंड भरता भरता कुणबी टेकीला येई. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळीबार होऊन माणसे मेली. हा राग खोटा नव्हता. कायदा करणारा साहेब दूर होता. शिव्या खायला समोर होता तो राखा.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. तेथे १९७४ साली काम सुरू झाले. रान तेच, नाका तोच, नाकेदारही तोच. पण ज्याच्या मरणाला पूर्वी बक्षीस होते, त्याच वाघाच्या जिवाचा जाब आता त्याला द्यायचा होता. एवढी मोठी उलथापालथ, आणि ती पेलायला हातात काय? बहुधा एक काठी!

वाघ मोजायचे कामही त्याच्याच गळ्यात आले. धुळीत उमटलेल्या पंजावर काच ठेवायची, वर रेघ ओढायची, ती कागदावर उतरवायची. या पद्धतीत दोष होते. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा तिच्यावर फार टीका झाली, व ती रास्तच होती. त्यानंतर २००६ पासून देशभरच्या गणनेत कॅमेऱ्यांचा वापर सुरू झाला. पण कॅमेरा झाडाला बांधायला रानात माणूसच जावा लागतो. कुठे जनावराच्या वाटेवर लोखंडी सापळा पुरलेला असतो, कुठे विजेची तार सोडलेली, कुठे उन्हाळ्यात आटत आलेल्या पाणवठ्यात विष कालवलेले. हे पायी हिंडणाराच्याच नजरेस येते.

तरी मला विचाराल तर त्याची खरी कसोटी वणव्यात लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचे दिवस सुरू होतात. त्याआधीच जाळरेषा साफ करून ठेवायच्या. आग लागलीच तर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायची, नाहीतर समोरून दुसरी आग लावून तिची वाट तोडायची. धुराने डोळे चुरचुरत असतात, पायांखाली निखारे असतात. आणि ही आग पुष्कळदा कुणा दुष्टाने लावलेली नसते. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला कुणीतरी पेटवतो, वारा सुटतो, आणि डोंगर जळतो. ज्याच्या घरी त्या फुलांवर दोन महिने निघायचे, त्याला तुम्ही गुन्हेगार कसे म्हणाल?

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी वनरक्षक रानाकडेच्या वस्त्यांतून हिंडतो. पाला पेटवू नका, झाडून काढा, एवढेच त्याला सांगायचे असते. ज्या ओसरीवर तो हे सांगायला टेकतो, त्या घरच्या पणजोबांची गुरे त्याच्याच खात्याने कधीकाळी कोंडवाड्यात घातलेली असण्याचा संभव असतो.