थप्पीचा नियम

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या अडत बाजारात शेवटी चढविलेले पोते प्रथम उतरते. तळाचे ओढू गेल्यास थप्पी हमालाच्या अंगावर येते. संगणकाच्या स्मृतीतील अशाच रचनेला 'स्टॅक' म्हणतात. म्युनिकच्या बाउअर व सामेल्सोन यांनी १९५७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते तिला तळघर म्हणत. आपण पेव म्हटले असते.

पुढे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 'सी' भाषा घडविली. तीत स्टॅक रचणे सोपे आहे: ओळीने ठराविक घरे, म्हणजे 'अ‍ॅरे', आणि माथा दाखविणारा एक अंक. ठेवताना अंक एकाने वाढवावा, काढताना कमी करावा. परंतु घरे भरली काय, की सारी रिकामी आहेत, हे सी विचारीत नाही. ते लिहिणाऱ्यानेच तपासावयाचे. नोव्हेंबर १९८८ मध्ये 'मॉरिस वर्म' अमेरिकेतील हजारो यंत्रांत शिरला, त्याची एक वाट मर्यादा न तपासणाऱ्या सी-प्रोग्रॅममधूनच गेली होती.

थप्पी फार उंच झाली, तर हमाल निदान ओरडून सांगतो. यंत्र मुकाट्याने ओझे घेते. म्हणून मर्यादा आधी लिहावी, ओझे मागाहून ठेवावे.