रिव्हॉल्व्हरची पेटी : मखमलीखालचे सुतारकाम

जुन्या शस्त्रांच्या लिलावात रिव्हॉल्व्हर एकटे आले आणि तेच रिव्हॉल्व्हर मूळ पेटीत, सर्व साहित्यासह आले, तर दोहोंच्या किमतीत मोठी तफावत असते. 'डॅनिश सी कॅप्टन' या नावाने ओळखले जाणारे १८४७ च्या घडणीचे कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर २०१८ साली अमेरिकेतील लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरना विकले गेले, ते मूळ पेटीसह होते. त्यामुळे अशी पेटी नव्याने घडविण्याची कला आजही जिवंत आहे. त्यासोबत येणारे प्रश्नही जिवंत आहेत.

या पेट्यांचा सुवर्णकाळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा मध्य. सॅम्युएल कोल्ट (१८१४-१८६२) हा कारखानदार जितका कुशल, तितकाच विक्रेता म्हणूनही चतुर होता. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याने आपली रिव्हॉल्व्हरे मांडली आणि १८५३ मध्ये टेम्स नदीकाठी पिम्लिको येथे कारखाना थाटला. तो अवघी काही वर्षेच चालला. राजे, सेनापती आणि अधिकारी यांना कोरीवकाम केलेली रिव्हॉल्व्हरे पेटीत घालून भेट देणे हा त्याच्या व्यापाराचाच भाग होता. सोन्याचे जडावकाम केलेल्या एका जोडीतील एक रिव्हॉल्व्हर रशियाचा झार पहिला निकोलस याला मिळाले, ते आज हर्मिटाज संग्रहालयात आहे. दुसरे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहावयास मिळते. काही भेटपेट्या तर चक्क ग्रंथाच्या आकाराच्या होत्या. कण्यावर राज्यघटनेवरील ग्रंथाचे गंभीर नाव, लेखक म्हणून कोल्ट, आणि उघडले की आत छोटे पिस्तूल!

पेटीच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. इंग्रजी पद्धतीत महोगनी किंवा ओकची पेटी, आत हिरवे लोकरी कापड आणि सरळ पट्ट्यांनी पाडलेले कप्पे असत. झाकणाच्या आतील बाजूस कारखानदाराचे वा विक्रेत्याचे छापील लेबल चिकटवलेले असे. फ्रेंच पद्धतीत प्रत्येक वस्तूच्या बाह्यरेषेबरहुकूम खोबण कोरून त्यावर मखमल चढवली जाई. अमेरिकी पेट्या बहुधा कप्प्यांच्याच असत, मात्र अस्तर मखमलीचे असे. रिव्हॉल्व्हरखेरीज दारूची कुपी, गोळ्या ओतण्याचा साचा, टोप्यांची डबी, पेचकस-पाना एकत्र असलेले हत्यार आणि क्वचित तेलाची बाटली अशा वस्तूंना पेटीत जागा द्यावी लागे.

आजचे हौशी कारागीर बहुधा १८५१ च्या 'नेव्ही' कोल्टच्या प्रतिकृतीसाठी पेटी करतात. मूळ नेव्ही अडीच लाखांच्या आसपास तयार झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतील ब्रेशिया प्रांतात, विशेषतः गार्दोने व्हाल त्रोम्पिया या शस्त्रकारांच्या गावी, तिच्या प्रतिकृती बनू लागल्या. या रिव्हॉल्व्हरची लांबी सुमारे १३ इंच, म्हणजे ३३ सेंटीमीटर. पेटीचे माप मात्र तेथून सुरू होत नाही. सर्व वस्तू जाड कागदावर मांडून, त्या एकमेकींना न लागता बोटांनी उचलता येतील अशी जागा सोडून, भोवती पेन्सिल फिरवावी लागते. लाकूड त्यानंतर विकत घ्यावे. अननुभवी माणूस नेमका उलटा क्रम धरतो आणि साच्याचे दांडे बसत नाहीत म्हणून हळहळतो.

दुसरी चूक कापडाची. दीड मिलिमीटर जाडीचे अस्तर दोन्ही भिंतींना लागले की कप्प्यातील तीन मिलिमीटर जागा गेली. फिरत्या नळकांड्याचा भाग सर्वांत जाड असल्याने खोली त्यावरून ठरते आणि त्यात तळाचे व झाकणाचे अस्तर धरावे लागते. झाकण रिव्हॉल्व्हरला दाबत असेल तर पेटी वाया गेली असे समजावे.

सांगाडा करण्याची जुनी युक्ती मोठी सुरेख आहे. तळ आणि झाकण आधी वेगवेगळे न करता सहाही बाजू बंद असलेला एकच ठोकळा जोडायचा. चिकट पूर्ण वाळली की चारही बाजूंनी करवतीने कापून झाकण विलग करायचे. त्यामुळे लाकडाचे रेषे वरपासून खालपर्यंत अखंड जुळतात आणि झाकण कधीच वाकडे बसत नाही. कापण्यात आणि नंतर रंधा मारण्यात जाणारी दोन-चार मिलिमीटर उंची मात्र आधीच वाढवून धरावी. बिजागऱ्यांसाठी खाचा पटाशीने पाडतात. पितळी स्क्रू मऊ असल्याने मोडतात, म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून वाट तयार करावी, मग पितळी बसवावा.

फ्रेंच पद्धतीचे खोबण म्हणजे कारागिराची खरी परीक्षा. पातळ फळीतून बाह्यरेषेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा आकार बारीक करवतीने कापून काढतात. उभ्या कडांना मखमलीची वेगळी पट्टी लावतात. वरच्या कापडाला वळणावर बारीक चिरा देऊन कडा आत दुमडतात. सरस कापडाला नव्हे, लाकडाला लावायचा, आणि तोही थोडा सुकून चिकट झाल्यावर. ओला सरस मखमलीतून वर आला की तो डाग आयुष्यभर राहतो. कप्प्यांच्या पेटीत हे संकट कमी असते. प्रत्येक पट्टी बाहेर कापडात गुंडाळून मग आत सरकवता येते.

बाहेरून फ्रेंच पॉलिश. ते ज्या लाखेपासून होते, ती मुख्यतः भारतातूनच जात असे. महोगनीचा व्यापार मात्र आता पूर्वीइतका मोकळा नाही. मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे, तर ब्राझिली शिसवीवर १९९२ पासून त्याहून कडक बंधने आहेत. अक्रोड हा पर्याय देखणा आहे आणि सहज घडतो.

लाकडाची निवड केवळ सौंदर्याची नाही. लाकडातून सेंद्रिय आम्लांची वाफ सावकाश बाहेर पडत असते आणि बंद पेटीत ती कोंडते. ओक या बाबतीत सर्वांत वाईट. शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी जमते, पोलादाला गंज चढतो. लोकरी कापडातील गंधकाने चांदी काळवंडते, आणि अमेरिकी नेव्हीच्या मुठीच्या पितळी पट्ट्यांवर चांदीचाच मुलामा असे. म्हणजे जपण्यासाठी केलेली पेटीच वस्तू खाऊ लागते. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ओडी यांनी १९७३ मध्ये यावर साधी चाचणी सुचवली. चांदी, तांबे व शिसे यांचे तुकडे संशयित साहित्यासोबत ओलसर बंद भांड्यात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे आणि धातूवर काय उमटते ते पाहायचे. संग्रहालये आजही ती वापरतात. घरच्या कारागिराला एवढे करणे शक्य नसले, तरी सुती मखमल वापरणे, पांढऱ्या डिंकाने जोडलेली पेटी काही आठवडे उघडी ठेवणे आणि रिव्हॉल्व्हरला तेलाचा हलका हात देणे त्याच्या हाती आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर शस्त्र कायम पेटीत ठेवूच नये.

कायद्याचाही विचार हवा. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार टोपीवर चालणाऱ्या अशा प्रतिकृती सर्वसाधारणपणे पुराणवस्तूंत मोडतात. भारतात तशी सवलत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्तीनंतरही झाडता येणार नसेल तरच. चालू स्थितीतील प्रतिकृतीला परवाना लागतो. रिकाम्या पेटीला अर्थातच नाही.

बाजारातील फसवणूक सुरू होते ती येथेच. नवी पेटी, जुने रिव्हॉल्व्हर आणि मूळ जोडीची किंमत. चहाचे पाणी, वितळलेले मेण आणि उन्हात टाकलेली मखमल यांच्या साहाय्याने दीडशे वर्षे दोन आठवड्यांत उभी केली जातात. जाणकार म्हणून आधी पेटीतील ठसे पाहतात. दशकानुदशके एकाच जागी विसावलेल्या घोड्याने, नळीच्या टोकाने मखमलीत जी खोलगट खूण पाडलेली असते, ती त्याच रिव्हॉल्व्हरशी जुळते का? कप्प्याच्या तळाशी झाकलेला भाग गडद आणि उघडा भाग फिका आहे का? प्रामाणिक कारागीर आपले नाव व साल तळाच्या लाकडावर, अस्तर लावण्यापूर्वीच, तप्त ठशाने उमटवतो. वरून चिकटवलेला कागद कोणीही सोलून काढू शकतो.