निजलेला शत्रू

आमच्या होटगीतल्या टांगेवाल्याची घोडी गाभडली. “मास्तर, यावर औषध नाही?” त्याने विचारले. मी मॅट्रिक शिकलेला, पुस्तके धुंडाळली.

घोड्या गाभडण्यामागे एक विषाणूही असतो, हे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकीत डिमॉक व एडवर्ड्स यांनी दाखविले. हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. त्या कुळावरील असायक्लोव्हिर औषधाशी जिचे नाव जोडले आहे, त्या गर्ट्रूड एलियनला १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हे औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल रोखते. पण विषाणू मज्जापेशीत निजून असला, तर नक्कलच होत नाही, रोखणार काय? आमच्या जंक्शनातला सिग्नल धावती गाडी अडवील, सायडिंगला उभ्या डब्याला काय करील? जनावर थकले की शत्रू जागा होतो.

टांगेवाल्याला एवढेच सांगितले, “बाबा, गाभण घोडी परक्या घोड्यांपासून दूर बांध.”