ओव्याचें फूल आणि पुस्तकांवरील बुरशी

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचें पुस्तकांचें कपाट आहे, त्यांना पावसाळा सरतांना त्यांतून येणारा कुबट वास परिचित असेलच. पुस्तक उघडावें तों पानांवर हिरवट-करड्या ठिपक्यांची नक्षी उमटलेली! ती बुरशी होय. कागदाची खळ आणि बांधणीचा सरस खाऊन ती वाढते, आणि अखेर कागद कुजवून त्यावरील अक्षरहि नाहींसें करते. ह्या शत्रूवर मोठमोठ्या दप्तरखान्यांनीं एके काळीं जें शस्त्र उपसलें, तें आपल्या घरोघरच्या मसाल्याच्या डब्यांत होतें. तें म्हणजे ओवा.

ओव्याच्या उडून जाणाऱ्या तेलांत थायमॉल नांवाचें द्रव्य असतें. तेल थंड झालें कीं त्याचे पांढरे स्फटिक निराळे होतात. माळव्यांत, विशेषतः उज्जयिनीकडे, हे स्फटिक गोळा करून बाजारांत विकीत. त्यांनाच ‘ओव्याचें फूल’ म्हणतात. युरोपांत १७१९ सालीं कास्पर नॉयमान ह्या जर्मन रसायनज्ञानें थाइम ह्या सुवासिक झुडुपाच्या तेलांतून असेच स्फटिक मिळविले, आणि १८५३ सालीं लालमां ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्यांस थायमॉल हें नांव दिलें. पुढें दोन-तीन वर्षांतच स्टेनहाउस व हेन्स ह्यांच्या परीक्षणांतून निष्पन्न झालें कीं, माळव्यांतील फूल व युरोपांतील थायमॉल हीं दोन्ही एकच! तथापि विसाव्या शतकाच्या आरंभीं ओवा येथून जर्मनीस जाई आणि थायमॉल तेथें तयार होई. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि हा व्यापार एकाएकीं तुटला.

ह्या द्रव्याचा खरा गुण त्याच्या वाफेंत आहे. तें सुमारें ५० अंश सेंटिग्रेडवर वितळतें. म्हणून त्याची वाफ करण्यास भट्टी नको, विजेच्या साध्या दिव्याची ऊब पुरे होते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड प्लेंडरलीथ ह्यांनीं १९३७ सालच्या आपल्या ग्रंथांत बुरसटलेल्या कागदांसाठीं ह्या वाफेचा उपाय सांगितला, आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेंहि तो अंगीकारिला. हवाबंद पेटींत खालीं दिवा, दिव्यावर बशींत स्फटिक आणि वर जाळीवर उघडून मांडलेले कागद, अशी त्याची रचना असे. औषधाचें पाणी जेथें शिंपडतां येत नाहीं, कारण त्यानें शाई फुटते, तेथें ही वाफ पानापानांमधून अलगद शिरते. थायमॉल स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतें. त्यामुळें तें बुरशीच्या पेशीवरील स्निग्ध पापुद्र्यांत शिरून त्यास भेदतें. मग पेशींतील द्रव्यें बाहेर झरतात, आणि ती मरते.

पण ह्या शस्त्राची दुसरी धारहि पुढें दिसून आली. ही वाफ तैलरंग व व्हार्निश मऊ करते, चर्मपत्रास बाधते, आणि काम करणाऱ्याच्या डोळ्यांना व कातडीला झोंबते. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अनेक संग्रहालयांनीं तिचा वापर सोडून दिला. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, वाफ उडून गेली कीं तिचा पहाराहि उठतो. बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेंत सर्वत्र तरंगत असतातच; खोलींतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर फार दिवस राहिली कीं ते पुन्हां रुजतात.

तेव्हां ह्या इतिहासाचा बोध इतकाच कीं, सुगंधानें रोग हटतो, पण पथ्य चुकतां कामा नये. कपाट ओल्या भिंतीपासून चार बोटें दूर असावें, पुस्तकें दाटीनें कोंबूं नयेत, आणि पाऊस उघडल्यावर एखाद्या कोरड्या दिवशीं तीं सावलींत वाऱ्यावर ठेवावीं. ओव्याच्या फुलानें शत्रू मारला खरा. परंतु घर राखतें तें कोरडें वारेंच.